आरसा आणि रबर

शाळेत शिकलेल्या काही नियमांचा मनावर असा पगडा बसतो की पुढे ते मोडताना दिसले तरी आपण आपल्या डोळ्यांवर संशय घेतो, नियमावर घेत नाही. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हा त्यांपैकीच एक. मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्या पिढीने आरसा, टाचण्या आणि कोनमापक घेऊन तो पडताळून पाहिला आणि सुट्टीत कॅरमच्या पाटावर तो वापरायलाही घेतला. सोंगटी समोरच्या भोकाच्या रेषेत नसेल तर स्ट्रायकर पलीकडच्या चौकटीवर आपटून मागे आणायचा. ‘रिबाउंड’ हा शब्द आम्ही इंग्रजी म्हणून कधी शिकलोच नाही. बोरिक पावडरीइतकाच तो घरातला होता. शेजाऱ्यांकडच्या पाटावर मात्र हाच रिबाउंड फसायचा, आणि दोष अर्थातच पाटाचा असायचा.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. गावातल्या जुन्या क्लबात एक पूर्ण आकाराचे स्नूकरचे टेबल आणि दोन पूलची टेबले आहेत. शनिवारी संध्याकाळी तिथे जाण्याचा आमचा परिपाठ गेल्या काही वर्षांचा. पूलची ती दोन टेबले एकाच कारखान्यातली, एकाच मापाची, आणि तरीही सख्ख्या भावंडांइतकी वेगळी. एका टेबलावर लांबच्या कडेवरून मारलेला चेंडू कोपऱ्यातल्या खिशात अलगद उतरतो. तोच फटका, जमेल तितक्या त्याच जोराने, दुसऱ्यावर मारला तर चेंडू खिशापासून चार बोटे अलीकडे आपटतो. असे का व्हावे, या प्रश्नाने आम्हांला अपेक्षेपेक्षा बरेच दूर नेले. हा लेख त्या प्रवासाचा आहे.

आधी टेबलाची घडण पाहू. हिरव्या बनातीखाली लाकूड असते अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात तिथे दगड असतो, आणि तोही पाटीचा. स्नूकरच्या मोठ्या टेबलात अशा सहसा पाच जाड लाद्या शेजारी शेजारी बसवून त्यांचे सांधे बुजवलेले असतात. ज्या दगडावर कित्येक पिढ्यांनी मुळाक्षरे गिरवली, तोच या खेळाखाली पसरलेला आहे, हे कळल्यावर दोन शिक्षकांना टेबलाविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही. सभोवतीच्या लाकडी चौकटीच्या आतल्या बाजूला रबराची पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावरही बनात ताणलेली असते. हेच कुशन. चेंडू चौकटीवर आपटतो असे आपण म्हणतो. वास्तविक तो एकाच वेळी कापडावर, रबरावर, सरसावर आणि लाकडावर आपटत असतो.

हे रबर मुळात नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कडांना कापडाच्या पट्ट्या, घोड्याचे केस असे काहीबाही भरलेले असे आणि चेंडू तिथून मरगळल्यासारखा परते. लंडनच्या जॉन थर्स्टनने 1835 च्या सुमारास रबराची कुशने आणली. परंतु कच्चे रबर थंडीत दगडासारखे कडक होई. इंग्लंडच्या हिवाळ्यात खेळाआधी गरम पाण्याची भांडी कडांना लावून ते ऊबवावे लागे. एकच टेबल सकाळी एक आणि रात्री दुसरे, अशी त्याची अवस्था. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली, इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉकने त्याच प्रक्रियेचे पेटंट मिळवले आणि 1845 मध्ये थर्स्टनची सुधारित कुशने बाजारात आली. थंडीवाऱ्याचा परिणाम त्यामुळे कमी झाला, पण संपला नाही. रबर आजही वयाबरोबर कडक होते, त्याला सूक्ष्म भेगा पडतात, आणि दोन निर्मात्यांच्या रबराचा कस सारखा नसतो.

दुसरे कारण उंचीचे. चेंडूला कुशनची कड नेमकी किती उंचीवर भेटते, यावर पुष्कळ अवलंबून असते. गॅस्पार-गुस्ताव कोरिओलिस हा फ्रेंच गणिती आपल्याला पृथ्वीच्या परिवलनामुळे वळणाऱ्या वाऱ्यांच्या संदर्भात ठाऊक असतो. त्याने 1835 मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावरही एक ग्रंथ प्रसिद्ध केला. यामागचे गणित असे सांगते की चेंडूला त्याच्या व्यासाच्या सात-दशांश उंचीवर आडवा धक्का बसला, तर तो मुळीच न घसरता थेट गडगडू लागतो. मग कुशनची कडही तितक्याच उंचीवर का नसावी? व्यवहारात ती किंचित खाली ठेवतात, कारण फार वर असलेली कड चेंडूला कापडात दाबते, आणि फार खाली असलेली कड त्याला उडवते. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ही उंची चेंडूच्या व्यासाच्या साडेत्रेसष्ट टक्के धरली आहे आणि दोन्ही बाजूंना एका टक्क्याची सूट दिली आहे. चेंडू 57.15 मिलिमीटरचा, म्हणजे कड साधारण 36.3 मिलिमीटरवर आणि सूट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. चौकटीचा एखादा बोल्ट सैल झाला, रबर बदलताना पट्टी जराशी तिरकी बसली, की एवढी सूट केव्हाच संपते. शिवाय सैल चौकट आघाताचा काही भाग स्वतःच गिळते. चेंडू मग ‘धप्प’ असा आवाज करून निरुत्साहाने परततो.

तिसरे कारण कापड आणि हवा. नव्या गुळगुळीत बनातीवर चेंडू घसरतो, जुन्या बनातीला तो चिकटल्यासारखा होतो आणि कडेशी घासताना त्याची फिरकी बदलते. पावसाळ्यात कापड ओल धरते आणि टेबल जड होते. स्नूकरच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत तर ओल टाळण्यासाठी लाद्यांखाली विजेवर चालणारी उष्णतेची सोय केलेली असते. चेंडूवरचा हातांचा मळ आणि खडूची भुकटी यांचाही हिशेब यात धरावा लागतो. आणि या सगळ्यावर खेळणाऱ्याचा जोर. फटका जोरात असेल तर रबर खोल दबते आणि चेंडू आला त्यापेक्षा उभ्या कोनात परततो. फटका हळू असेल तर गडगडण्याचा वेग कडेवर आपटल्यानंतरही चेंडूत शिल्लक राहतो आणि त्याची वाट पसरट होते. आपतन कोन आणि परावर्तन कोन यांची समानता हा अनेक शक्यतांपैकी एक योगायोग ठरतो.

म्हणजे शाळेतला नियम खोटा होता का? नव्हता. तो आरशाचा नियम होता. आरसा किरणापुढे दबत नाही, त्याला कापड नसते, बोल्ट नसतात. आम्ही आरशाचा नियम रबराला लावत होतो.

इथे साहित्याच्या अभ्यासकाच्या मनात अभिनवगुप्त आल्यावाचून राहत नाही. सहृदय कोण, हे सांगताना त्याने मनाला आरशाची उपमा दिली आहे: काव्याच्या सततच्या अभ्यासाने स्वच्छ झालेला मनाचा आरसा. पदव्युत्तर वर्गात आम्ही ही उपमा दर वर्षी शिकवतो. तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक, स्वच्छ मन काव्याला जसेच्या तसे स्वीकारते, आणि दोन, ही स्वच्छता जन्मजात नसून कमवावी लागते. पहिल्या गोष्टीबद्दल आधुनिक समीक्षेने पुरेशी शंका घेतली आहे. वाचक हा आरसा नाही; तो दबतो, काही गिळतो, काही परत देतो, आणि जे परत देतो त्यात त्याचे वय, त्याचा प्रदेश, त्याची जात, त्याने आधी वाचलेले सगळे मिसळलेले असते. वाचक रबराचा असतो. हे मान्य करणे वर्गात सोपे आहे, किंबहुना आनंददायक आहे. एकाच कवितेचे वीस अर्थ वीस विद्यार्थ्यांनी मांडावेत यासारखा चांगला तास नाही.

हाच वाचक जेव्हा लाल पेन घेऊन ‘कॅप’ला बसतो, तेव्हा मात्र प्रकरण गंभीर होते. विद्यापीठाच्या मूल्यांकन केंद्रात एका मोठ्या सभागृहात ओळीने टेबले मांडलेली असतात, गठ्ठे वाटले जातात, आणि कोणता गठ्ठा कोणत्या टेबलावर जाईल याला काही कारण नसते. काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी तिच्या तृतीय वर्षाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन आमच्याकडे आली. ग्रामीण कादंबरीवरचे तिचे दीर्घोत्तर आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे वाचले. तिची भाषा तिच्या घरची होती. क्रियापदे तिच्या जिल्ह्यातली होती. पण कादंबरीतल्या निवेदनाविषयी तिने मांडलेला मुद्दा कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हता, तो तिने स्वतः वाचून काढलेला होता. त्या उत्तराला दहापैकी दोन गुण होते आणि पानभर अधोरेखने होती. अधोरेखित झालेले बहुतेक शब्द बोलीतले होते. पुनर्मूल्यांकनात, दुसऱ्या टेबलावर, त्याच उत्तराला सात मिळाले आणि ती उत्तीर्ण झाली. तो निकाल लागेपर्यंत पुढच्या प्रवेशाची मुदत टळून गेली होती. तिचे एक वर्ष गेले. घरी थांबलेल्या मुलीचे एक वर्ष म्हणजे किती, हे आमच्यासारख्या गावातल्या कोणत्याही शिक्षकाला समजावून सांगावे लागणार नाही.

तिच्याविषयी बोलताना आमच्याच क्षेत्रातल्या मित्रांनी दोन उत्तरे दिली. एक गट म्हणाला, साहित्याचे मूल्यमापन असेच असणार. दोन वाचक, दोन न्याय. दुसरा म्हणाला, म्हणूनच दीर्घोत्तरे बंद करा, पर्यायी प्रश्न ठेवा, यंत्राने तपासा. पहिल्या उत्तराने टेबल जसे आहे तसे सोडून दिले, दुसऱ्याने खेळच बदलला. आम्हांला दोन्ही पटली नाहीत, आणि का पटली नाहीत ते नेमके शब्दांत मांडायला आम्हांला क्लबातल्या मार्करकाकांची मदत झाली.

काका चाळीस वर्षे टेबले सांभाळत आले आहेत. खेळ सुरू होण्याआधी ते एक चेंडू हाताने प्रत्येक कडेवर अलगद सोडतात आणि मान कलती करून ऐकतात. त्या दोन टेबलांतल्या फरकाबद्दल आम्ही तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, “सर, हे टेबल जलद आहे, ते मंद आहे. तो स्वभाव झाला. पण त्या मंद टेबलाची खिडकीकडची कड आहे ना, ती मेलीय. तो स्वभाव नाही, आजार आहे. स्वभाव ओळखून खेळायचं. आजार दुरुस्त करायचा.” पुढच्या आठवड्यात त्यांनी ती बाजू उघडली, आत सरस सुटलेला होता.

नियमातली ती एका टक्क्याची सूट आम्हांला तेव्हा नीट कळली. सगळी टेबले एकसारखी करा, असे नियम म्हणत नाही. ते अशक्य आहे हे त्याला ठाऊक आहे. फरक किती चालेल आणि कुठून पुढे तो दोष मानायचा, एवढेच तो ठरवतो. एका परीक्षकाने सहा द्यावेत आणि दुसऱ्याने सात, हा स्वभाव. दोन आणि सात हा आजार. आणि त्याचे निदान अवघड नव्हते: एका कडेला प्रमाणभाषा म्हणजेच विचार असे वाटत होते.

उपमा मात्र एका जागी थांबते, आणि आम्हांला ती जागाच सर्वांत महत्त्वाची वाटते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्याला आणि 1964 मध्ये न्यूझीलंडमध्ये हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. दोन देश, दोन हवा, दोन टेबले. पण खेळाडूला टेबल दिसते. पहिल्या काही फटक्यांत तो त्याचा स्वभाव ओळखतो, हात जुळवून घेतो, आणि प्रतिस्पर्धीही त्याच टेबलावर खेळत असतो. विद्यार्थ्याला यांतले काहीच मिळत नाही. त्याचा फटका आधीच मारून झालेला असतो, टेबल त्याने पाहिलेले नसते आणि शेजारच्याची उत्तरपत्रिका दुसऱ्याच टेबलावर गेलेली असते. म्हणून टेबल ओळखण्याची जबाबदारी खेळणाऱ्याकडून टेबलाकडे येते. आपण कसे दबतो, काय गिळतो, कोणत्या भाषेशी घासले की आपली फिरकी बदलते, हे परीक्षकाने स्वतःच तपासायचे आहे.

आमच्या विभागात आता अंतर्गत परीक्षेपुरती एक रीत सुरू झाली आहे. गठ्ठे वाटण्याआधी पाच उत्तरपत्रिकांच्या प्रती सगळ्यांना मिळतात. प्रत्येक जण त्या एकट्याने तपासतो, मग गुण फळ्यावर लिहिले जातात. तीनहून अधिक गुणांचा फरक असेल तिथे ज्यांचे गुण टोकाचे, त्यांनी उत्तर मोठ्याने वाचायचे. पहिल्या बैठकीत बरीच वादावादी झाली आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा वेळेचा अपव्यय असल्याचे सांगितले. दुसऱ्या सत्रात तेच उत्तर वाचता वाचता मध्येच थांबले, पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागले आणि न बोलता फळ्यावरचा आपला आकडा पुसून आले. काम सुमारे दोन तासांनी वाढते. विद्यापीठाच्या सभागृहात, हजारो उत्तरपत्रिकांसमोर, हे दोन तास कोण देणार, हा प्रश्न खरा आहे. तो आम्ही अभ्यासमंडळापुढे लेखी मांडला आहे आणि इतर महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांनीही मांडावा अशी आमची विनंती आहे.

आरशाचा मोह सोडावा लागेल, एवढे आम्हांला कळले आहे. पण अभिनवगुप्ताच्या उपमेतली दुसरी गोष्ट, अभ्यासाने मन स्वच्छ ठेवण्याची, ती रबरालाही लागू आहे. ती विद्यार्थिनी पुढच्या वर्षी एम.ए.ला आली. तिचे लेखन आजही तिच्या क्रियापदांतच असते.