भरतीच्या वेळचे पाहुणे

आयसेलिन म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे ओक ट्री रोडच उभा राहतो. पण गार्डन स्टेट पार्कवेने दक्षिणेला निघालं की तासाभरात सँडी हूकचा किनारा येतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. आम्ही उभयतां मात्र मे-जूनच्या पौर्णिमा-अमावास्येला भरतीची वेळ बघून तिथे फिरायला जातो. लाटांच्या नव्हे, उपसागराकडच्या शांत बाजूला.

संध्याकाळी पाणी चढू लागलं की हॉर्सशू क्रॅब वाळूत अंडी घालायला वर येतात. पाठ घोड्याच्या नालेसारखी, मागे भाल्यासारखी शेपटी. नावात क्रॅब असला तरी हा खेकडा नव्हे. त्याचं नातं कोळी-विंचवांशी. डायनोसॉरच्याही आधीपासून ही जात पृथ्वीवर आहे. रक्त निळं, लशी-इंजेक्शनांत जिवाणूंचं विष उतरलं नाही ना, हे तपासायला ते वापरतात. खाली डेलावेअरच्या उपसागरात तर त्यांचा जगातला सर्वांत मोठा मेळा भरतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून आर्क्टिककडे निघालेले रेड नॉट पक्षी तिथे उतरतात आणि ही अंडी खाऊन पुढच्या प्रवासाची बेगमी करतात. मासेमारीच्या आमिषासाठी क्रॅबची बेसुमार पकड झाली, तसे पक्षीही घटले. शेवटी २००८ साली न्यू जर्सीने कायदा करून ही पकड थांबवली.

आमच्या आईचं माहेर मंडणगड तालुक्यातलं, वेळासजवळचं. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आली की 'इथे बोलायला कोणी नाही' म्हणत खिडकीशी बसून असते. एकदा तिला बळेच नेलं. उताणा पडून पाय झाडणारा क्रॅब पाहून ती म्हणाली, "अरे, बाळंतीण आहे ती, बघत काय उभे?" आता तो नर की मादी, हे तिला कोण सांगणार! शेपटीला हात न लावता, कवचाची कड धरून आम्ही तो सरळ केला.

परतताना गाडीत आई थांबेचना. तिच्या लहानपणी कासवं अशीच रात्री वर येत आणि लोक अंडी उकरून नेत. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांनाच हाताशी धरून ती अंडी राखली. पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली आणि गावातल्या घरांना चार पैसे मिळू लागले. आमची धाकटी मागे बसून ऐकत होती. भरती, ओहोटी, बाळंतीण हे शब्द तिने त्या संध्याकाळी उचलले.

तेव्हा मंडळी, आई-वडील मुक्कामाला असतील तर एखाद्या शनिवारी मॉल राहू द्या, सँडी हूकला चला. पक्ष्यांच्या घरट्यांसाठी दोर लावलेल्या भागात मात्र शिरू नका. डबा बरोबर घ्या, आणि कचरा आठवणीने परत आणा!