संक्रांतीचे पाणी : बँकॉकचा सोंक्रान आणि परदेशस्थांचे मन

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की बँकॉकच्या सीलोम परिसरातील रत्नबाजार थंडावू लागतो. एरवी येथील पेढ्यांवर माणिक आणि नीलम यांच्या पुड्या उघडल्या जातात, भिंगाखाली दाणा न् दाणा तपासला जातो आणि कॅरेटच्या शतांश भागावरूनही घासाघीस होते. आता मात्र माल तिजोरीत जातो, कारागीर आपापल्या गावी निघतात आणि दुकानांच्या दर्शनी काचांवर प्लॅस्टिकचे कापड चढते. १३ एप्रिलच्या दुपारी याच रस्त्यावर वाहनांऐवजी माणसांचा पूर वाहू लागतो. प्रत्येकाच्या हाती पिचकारी, बादली किंवा नळी असते. ज्या बाजारात कागदाची एक पुडी ओली होऊ नये म्हणून जपले जाते, त्याच बाजारात तीन दिवस कोणीही कोरडे राहू शकत नाही.

हा थायलंडचा सोंक्रान उत्सव. नाव परके वाटले तरी ते आपल्या ‘संक्रांती’ या संस्कृत शब्दाचेच थाई रूप आहे. आपण सूर्याच्या मकरप्रवेशाला तिळगूळ वाटतो, थाई लोक त्याच्या मेषप्रवेशाला पाणी वाहतात. याच सुमारास पंजाबात वैशाखी, केरळात विशू, तमिळनाडूत पुत्तांडू आणि बंगालमध्ये नववर्ष साजरे होते. म्यानमारमध्ये तिंजान, तर लाओस आणि कंबोडियातही याच दिवसांत नवे वर्ष सुरू होते. थायलंडने पुढे सरकारी नववर्ष प्रथम १ एप्रिलला आणि १९४१ पासून १ जानेवारीला नेले, तरी लोकांच्या मनातले नववर्ष सोंक्रानच राहिले. १३ एप्रिल हा तेथे ज्येष्ठ नागरिकांचा, तर १४ एप्रिल कुटुंबाचा दिवस मानला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने या उत्सवाचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

उत्सवामागची कथाही अर्थपूर्ण आहे. कपिल ब्रह्माने धर्मपाल नावाच्या बुद्धिमान कुमाराला विचारले, की माणसाची श्री सकाळी, दुपारी आणि रात्री कोठे वसते? उत्तर न आल्यास कुमाराने मस्तक द्यायचे, आणि आल्यास ब्रह्माने. पक्ष्यांची भाषा जाणणाऱ्या कुमाराने झाडावरील गरुडांच्या संवादातून उत्तर ऐकले. सकाळी ती मुखावर असते म्हणून मुख धुवावे, दुपारी हृदयाशी असते म्हणून तेथे सुगंधी जल शिंपडावे, रात्री पायांशी असते म्हणून निजण्यापूर्वी पाय धुवावेत. ब्रह्मा हरला. मात्र त्याचे मस्तक भूमीवर पडते तर पृथ्वी जळाली असती, आकाशात फेकले असते तर पाऊस आटला असता आणि समुद्रात टाकले असते तर समुद्र कोरडा पडला असता. म्हणून त्याच्या सात कन्या दरवर्षी पाळीपाळीने ते मस्तक मिरवतात, अशी श्रद्धा आहे. ज्या उत्सवात आज पाण्याचा हिशेब राहत नाही, त्याच्या मुळाशी पाणी आटण्याचे भय आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मूळ विधीत पाणी फारच थोडे लागते. विहारात जाऊन बुद्धमूर्तीवर जाईच्या फुलांचे सुवासिक पाणी हळुवारपणे ओतायचे. वर्षभरात पायांना चिकटून विहाराबाहेर गेलेल्या वाळूची भरपाई म्हणून मूठभर वाळू आणून तिचा स्तूप रचायचा. मग घरातील वडीलधाऱ्यांपुढे बसून त्यांच्या तळहातांवर लहानशा वाटीतून पाणी सोडायचे, सरत्या वर्षातील चुकांची क्षमा मागायची आणि आशीर्वाद घ्यायचा. एका वाटीत संपूर्ण कुटुंबाचा उत्सव सामावतो.

रस्त्यावरील उत्सव याहून अगदी निराळा आहे. बँकॉकचा सीलोम आणि खाओसान रस्ता, उत्तरेकडील चिआंग माई शहराच्या चौकोनी खंदकाचा परिसर आणि समुद्रकाठचे पट्टाया ही त्याची मोठी केंद्रे. पट्टायात तर मुख्य उत्सव आटोपल्यावरही काही दिवस पाणी उडतच राहते. मालवाहू गाड्यांवर पिंपे चढतात, त्यांत बर्फाच्या लाद्या पडतात, ध्वनिवर्धक दणाणतात आणि गालांवर पांढऱ्या मातीचा लेप फासला जातो. वर्षातील सर्वांत कडक उन्हाळा असल्याने पहिला शिडकावा सुखाचा वाटतो. दहाव्या बादलीनंतर मात्र सुखाची व्याख्या बदलू लागते.

थायलंडमध्ये नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या परदेशीयांच्या मनात या उत्सवाविषयी एक विचित्र द्वंद्व आढळते. पहिल्या वर्षी नवागत पाहुणा सर्वांत मोठी पिचकारी घेऊन उतरतो आणि मायदेशी छायाचित्रे पाठवतो. तिसऱ्या वर्षी तो भ्रमणध्वनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, गल्लीबोळांतून लपतछपत किराणा आणतो. पुढे पुढे तो मार्च महिन्यातच विमानाची तिकिटे काढून ठेवतो. त्याच्या तक्रारी खोट्या नसतात. कामावर निघालेल्या माणसावर गढूळ पाणी पडते, दुचाकीस्वाराच्या तोंडावर अचानक बादली रिकामी होते, गर्दीचा फायदा घेऊन स्त्रियांशी असभ्य वर्तन केले जाते. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार या दिवसांत जणू रद्द झालेला असतो.

तरीही तक्रार करताना त्याची जीभ अडखळते, कारण तो पाहुणा आहे. ज्या देशाने व्यवसाय दिला आणि मुलांना शाळा दिली, त्या देशाच्या नववर्षाला नावे ठेवणे सभ्यपणाचे नाही, हे त्याला ठाऊक असते. शिवाय आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात येते. सोंक्रानला बँकॉकमधील असंख्य थाई लोक ईशान्येकडील आणि उत्तरेकडील आपल्या खेड्यांत आई-वडिलांकडे गेलेले असतात. खाओसानच्या रस्त्यावर धुडगूस घालणाऱ्यांत त्याच्यासारखेच परदेशी पर्यटक मोठ्या संख्येने असतात. ज्याला तो ‘यांचा उत्सव’ म्हणून नाक मुरडतो, त्याचे हे रूप घडवण्यात पाहुण्यांचा हातही लहान नाही.

आणि हे द्वंद्व केवळ त्रासाचे नसते. एरवी पायऱ्या-पायऱ्यांनी विभागलेल्या समाजात या तीन दिवसांत मालक आणि पहारेकरी, साहेब आणि भाजीवाली एकाच पाण्यात भिजतात. २०२० साली महामारीमुळे पाण्याचा खेळ बंद झाला आणि पुढील दोन वर्षेही त्यावर निर्बंध राहिले. तेव्हा ओस पडलेले रस्ते पाहून, दरवर्षी कुरकुरणाऱ्या कित्येकांनाही चुकल्यासारखे वाटले असेल.

बँकॉकमधील जैन कुटुंबांपुढे मात्र याहून खोल प्रश्न उभा राहतो. रंगीत रत्नांच्या व्यापारानिमित्त जयपूर, मुंबई आणि गुजरातमधून गेलेली अनेक जैन घराणी सीलोमच्या आसपास स्थिरावली आहेत. त्यांच्या दृष्टीने पाणी हे नुसते द्रव्य नाही. अप्काय जीवांचा तो देह आहे. गाळल्याशिवाय पाणी प्यायचे नाही आणि कारणाशिवाय ते सांडायचे नाही, हा संस्कार घरातील मूल पाळण्यात असल्यापासून पाहते. निष्प्रयोजन पाणी सांडणे ही प्रमादचर्या, अनर्थदंडाचाच एक प्रकार, असे श्रावकाचार सांगतो. दुसऱ्या देशीयांना सोंक्रान गैरसोयीचा वाटतो. जैन मनाला तो व्रताची परीक्षा वाटतो. २०१४ साली महावीर जयंती नेमकी १३ एप्रिललाच आली होती. एका बाजूला ‘जगा आणि जगू द्या’ या संदेशाचे स्मरण आणि खिडकीखाली पाण्याचा महापूर, असा तो योग होता.

अशाच एका घराचे उदाहरण घ्यावे. घरातील आजींचे माहेर सांगलीकडचे, धाकटी बहीण लातूरला धान्याच्या व्यापाऱ्याकडे दिलेली. २०१६ साली लातूरच्या टंचाईने कळस गाठला होता. पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लागू करण्याची वेळ आली होती. अखेर मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवण्याचे ठरले आणि १२ एप्रिलच्या पहाटे दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला पोहोचली. त्याच दिवशी बहिणीचा दूरध्वनी आला.

“अक्का, तुझ्या माहेरचं पाणी आलं गं आमच्याकडे,” असे म्हणून ती हसली आणि हसता हसता गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी सज्जात आल्या तेव्हा खाली सीलोम रस्ता पाण्याने न्हाऊन निघाला होता. त्या वर्षी थायलंडमध्येही दुष्काळ होता आणि पाणी जपून वापरण्याचे आवाहन तेथील शासनाने केले होते. पण उत्साहाला आवाहन ऐकू येत नाही. आजींनी सज्जाचे दार लावले, ते तीन दिवस उघडले नाही. दहा वर्षांचा नातू पिचकारीसाठी हट्ट धरून बसला होता. त्याला कोणी रागावले नाही. आजींनी एवढेच सांगितले, “लातूरच्या मावशीआजीकडे आठवड्यातून एकदाही नळ येत नाही. तिला विचार, आणि मग जा.” नातवाने दूरध्वनी केला नाही आणि तो गेलाही नाही. वर्गातील सारे मित्र खाली असताना तो एकटा घरात बसला, हे आजींच्याही जिव्हारी लागले. व्रत आपले आणि एकटेपण मुलाचे, हा हिशेब त्यांना बरोबर वाटेना.

त्या सुट्टीनंतर पेढी उघडली तेव्हा रत्ने घासणारा एक जुना कारागीर आला नाही. दोन दिवसांनी तो हात गळ्यात बांधून आला. मालाची निकड असल्याने त्याला १२ तारखेच्या संध्याकाळपर्यंत थांबवून घेतले होते. तो रात्रीच दुचाकीवरून गावाकडे निघाला आणि ओल्या रस्त्यावर घसरला. थायलंडमध्ये सोंक्रानच्या आसपासच्या या आठवड्याला ‘सात धोक्याचे दिवस’ असेच म्हणतात. मद्यपान आणि भरधाव वेग यांपायी या सात दिवसांत दोनशेहून अधिक माणसे रस्त्यांवर प्राणास मुकतात आणि त्यांत दुचाकीस्वारांचा भरणा सर्वाधिक असतो. कारागीर वाचला हे नशीब. त्याने मालकाला दोष दिला नाही, उलट उशिरा आल्याबद्दल मान लववून क्षमा मागितली.

त्या दिवशी घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. सज्जाचे दार लावून अप्कायाची विराधना टाळली, पण आपल्याच पेढीवरून निघालेल्या पंचेंद्रिय जीवाचा विचार कोणी केला होता? आजींनी चिरंजीवांना विचारलेला हा प्रश्न उपदेशासारखा नव्हता. तो स्वतःलाही होता. पुढील वर्षापासून पेढी ९ तारखेलाच बंद होऊ लागली. कारागिरांना पगार आगाऊ आणि गावी जाण्यासाठी बसचे भाडे पेढीकडून मिळू लागले. धंद्याचे तीन दिवस बुडतात, हे खरे. जमा-खर्चाच्या वहीत ते खर्चाच्या बाजूला आहेत. परंतु प्रत्येक खर्च हा तोटा नसतो, हे जुने व्यापारी जाणतात.

पेढी बंद करण्यापूर्वीच्या दिवशी आता तेथे एक छोटासा विधी होतो. कारागीर ओळीने येतात, आजींपुढे गुडघे टेकतात आणि त्यांच्या जोडलेल्या हातांवर चांदीच्या वाटीतून पाणी सोडतात. ते पाणी गाळलेले असते, कारण आजींनी तेवढी एकच अट घातली आहे. कारागिरांनी तिचे कारण विचारले नाही. कोणीतरी स्वच्छ पांढरे फडके मात्र आठवणीने आणते. खाली ठेवलेल्या तबकात साचलेले पाणी दारातील तुळशीला घातले जाते. सर्वांत शेवटी नातू येतो. सर्वांच्या हातांना मिळून तांब्याभर पाणीही लागत नाही.

पहिल्या वर्षी कारागिराने आपल्या भाषेत क्षमा मागितली तेव्हा आजींना शब्द कळले नव्हते, सुनेने ते समजावून सांगितले. संवत्सरीला आपण लहान-मोठा न पाहता एकमेकांना जे म्हणतो तेच हा म्हणतो आहे, हे ऐकताच आजींनी ओले हात तसेच जोडले आणि त्या कारागिराला मराठीतच म्हणाल्या, “चूक आमची होती, बाबा. क्षमा आम्हीच मागायची.”

रस्त्यावरचा सोंक्रान त्या घराला आजही मानवत नाही. १३ तारखेला सज्जाचे दार अजूनही लावलेलेच असते आणि खालचा कल्लोळ बंद दारातूनही ऐकू येतो. नातू आता मोठा झाला आहे. मित्रांबरोबर तो खाली जातो, कधी भिजून येतो, पण पिचकारी हाती घेत नाही. आजी त्याला काही विचारत नाहीत, कोरडा पंचा मात्र दाराशी ठेवतात.