डावी बाजू

आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली. वर मधोमध मीठ, त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. डावी बाजू पोट भरायला नसते, तोंडी लावायला असते. चिमूटभर चटणी, चमचाभर कोशिंबीर. दुसऱ्यांदा मागितली तर आमची आजी म्हणायची, "ती भाजी नव्हे गं!"

ग्रीक लोकांनी मात्र ही डावी बाजूच उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली आहे. दह्याचं, वांग्याचं, डाळीचं असं तोंडीलावणं मोठ्या ताटलीत घालायचं, भोवती सगळ्यांनी बसायचं आणि पावाचे तुकडे बुडवून गप्पा मारत खायचं. जेवण नंतर. या प्रकाराला ते 'मेझे' म्हणतात. हा शब्द त्यांनी तुर्कांकडून घेतला आणि तुर्कांनी फारसीतून. फारसीत त्याचा अर्थ चव. आणि आपली 'मजा' आली तीही त्याच फारसी शब्दावरून! बत्तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे असं काही सापडलं की मला राहवत नाही. असो.

हे सगळं सुरू झालं ते पुण्याच्या नातीमुळे. जानेवारीत सगळे साताऱ्याला जमणार होते. सांगलीहून माझा धाकटा भाऊ आणि वहिनी, पुण्याहून लेक, जावई, नात आणि सात वर्षांचा नातू. नातीने फोनवर जाहीर केलं, "आजी, या वेळी मिसळ नको, भजी नकोत. मी ग्रीक डिप करणार. एकाच मोठ्या ताटात, सगळ्यांनी त्यातच खायचं." आणि पाठोपाठ सामानाची यादी. ग्रीक योगर्ट, फेटा चीज, ऑलिव्ह, ऑलिव्ह ऑइल, काबुली चणे, वांगी, काकडी, डिल.

यादी वाचून मला हसू आलं. ग्रीक योगर्ट म्हणजे काय, तर फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही. ग्रीकमध्ये त्याच्या नावाचा अर्थच गाळलेलं असा आहे. म्हणजे आपला चक्का! तो सांगली-साताऱ्याच्या माणसाला कुणी शिकवायचा? भिलवडीला चितळ्यांची डेअरी १९३९ पासून आहे, आणि घरोघरी खुंटीला टांगलेलं पुरचुंडीतलं दही त्याच्याही कितीतरी आधीपासून. डिल म्हणजे शेपू. आमच्या घरात ज्या भाजीच्या वासाने मुलं ताटावरून उठतात, तीच ग्रीक लोक दह्यात घालून चवीने खातात. वांग्यांचा प्रश्नच नव्हता, भाऊ सांगलीहून येताना कृष्णाकाठची वांगी आणल्याशिवाय राहत नाही. त्यांना साताऱ्यातही कृष्णाच आहे हे त्याला मान्य नसतं. ऑलिव्ह ऑइल आमच्या पिढीला फक्त बाळाच्या मालिशसाठी ठाऊक, औषधाच्या दुकानात छोट्या डब्यात मिळायचं. ते कोशिंबिरीवर ओतायचं म्हणजे मनाची तयारी लागते. मी घाण्याचं शेंगदाणा तेल काढून ठेवलं. नातीने ते नाकारलं, मग दोन्ही घातली.

अडला तो फेटा. तो मेंढीच्या दुधाचा, फार तर थोडं बकरीचं चालतं. ग्रीसबाहेरच्या चीजला युरोपात ते नाव लावायलाही बंदी आहे. गंमत अशी की मेंढरं आपल्याकडे काय कमी आहेत? माण-खटाव, आटपाडी, जत, सगळा धनगरांचा मुलूख. जतकडची माडग्याळ मेंढी तर प्रसिद्धच. पण आपण मेंढी पाळली ती लोकरीसाठी, मटणासाठी आणि शेतात बसवून खतासाठी. तिच्या दुधाचं चीज करून विकावं हे काही रुजलं नाही. आम्ही घरचं पनीर कुस्करून त्यात मीठ आणि लिंबू चोळून तासभर ठेवलं. खारट-आंबट झालं, भागलं.

करायचं कसं, ते सांगते, कारण वहिनीने दोनदा फोन करून विचारलं आहे. दहा माणसांसाठी दीड किलो म्हशीच्या दुधाचं दही रात्रभर टांगावं. खाली जमलेलं पाणी टाकू नये, त्यात भाकरीचं पीठ छान मळलं जातं. दोन काकड्या किसून, मीठ लावून, मुठीत घट्ट पिळाव्यात. ही पायरी चुकवली तर डिपची कोशिंबीर झालीच म्हणून समजा. चक्क्यात ती काकडी, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, मीठ आणि बारीक चिरलेला शेपू मूठभर. साखर अजिबात नाही (माझा हात दोनदा डब्याकडे गेला). तीन मोठी वांगी गॅसवर काळी होईपर्यंत भाजून सोलावीत, आणि गर सुरीने चिरावा, मिक्सरमध्ये फिरवू नये. त्यात लसूण, लिंबू, तेल. फोडणी नाही, कांदा नाही, शेंगदाण्याचं कूट नाही. भरीत उघडंबोडकं वाटतं खरं, पण वांग्याची चव कळते. दोन वाट्या काबुली चणे भिजवून, मऊ शिजवून, भाजलेले पांढरे तीळ आणि लिंबू घालून वाटावेत. हा तिसरा प्रकार खरं तर अरबांचा, ग्रीकांचा नव्हे, पण त्याने पोट भरतं. परातीत तीन भागांत हे तिन्ही पसरावं, वर टोमॅटो, कांदा, पनीर, ऑलिव्ह आणि तेलाची धार. बुडवायला शाळूची भाकरी, अर्धी मऊ आणि अर्धी तव्यावर कडक करून त्रिकोणी तुकडे केलेली. पावापेक्षा ती कितीतरी सरस, यावर मी वाद घालणार नाही.

आता खरी अडचण सांगते. नातीला ती ठाऊक नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं-बोलणं बरंच सुधारलं, उजवा हात नाही सुधारला. डाव्या हाताने जेवतात. जेवतात म्हणजे, आतल्या खोलीत, दार लोटून, एकटे. पातळ आमटीचा ठसका लागतो, भात सांडतो, आणि डावा हात. आमच्या पिढीत डाव्या हाताने जेवणं म्हणजे काय, हे तरुण वाचकांना सांगूनही कळणार नाही. माझ्या माहेरी डावा हात ताटाला लागला तरी वडील नुसते बघायचे, तेवढं पुरे व्हायचं.

आणि हा माणूस पंगतीत वाढलेला! हे रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आमच्या सांगली जिल्ह्यातलं. संस्था त्यांनी १९१९ साली काढली, १९२४ ला ती साताऱ्याला आली. बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका स्वयंपाकातलं एका पंगतीत जेवायची. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. अण्णा गेले ते १९५९ च्या मे महिन्यात, तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. शेजारी कोण बसलंय, त्याची जात काय, हे कधी विचारायचं नाही, हे ह्यांच्या अंगात तिथेच मुरलं. पुढे आमच्या घरी कोणीही आलं तरी हे त्याला शेजारी बसवून जेवायला लावत. तोच माणूस दोन वर्षं एकटा जेवतोय, आणि समजूत घालायला गेलं की म्हणतो, "तुमची जेवणं कशाला बिघडवू?"

त्यात ही परात. म्हणजे सगळ्यांच्या अन्नात डावा हात घालायचा. मी नातीला हळूच म्हटलं, आबांना वाटीत आत देऊ. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परात उचलून बाहेर ओसरीवर नेऊन ठेवली. ह्यांची खुर्ची तिथेच असते, संध्याकाळच्या उन्हाला. आम्ही सगळे खाली सतरंजीवर आणि परात ह्यांच्यासमोर छोट्या स्टुलावर. उठून आत जायचं तर आम्हा सगळ्यांना ओलांडून जावं लागलं असतं!

नातीने नियम सांगितला. एकदा चावलेला तुकडा पुन्हा बुडवायचा नाही. मी म्हटलं, अगं याला मराठीत उष्टं म्हणतात, आम्ही जन्मभर तेच पाळतोय. सगळे हसले, खायला लागले. हे नुसते बघत होते. नातू डावखुरा आहे. तो डाव्या हाताने चक्का काढून खात होता, अर्धा सतरंजीवर. भाऊने परात जरा फिरवली, वांग्याची बाजू ह्यांच्या डाव्या हाताशी आली. तो म्हणाला, "दाजी, वांगं सांगलीचं आहे. नावं ठेवायची तर चाखून ठेवा."

भाऊ माझ्याच वडिलांचा मुलगा. घरात अजून कुणी डाव्या हाताने पाणी दिलं तर घेत नाही.

ह्यांनी मऊ भाकरीचा तुकडा घेतला. बुडवला. थोडं शर्टावर सांडलं. कुणी तिकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. मग दुसरा तुकडा चक्क्यात. घट्ट असल्यामुळे ठसका लागला नाही. "लसूण कमी आहे," असं म्हणाले. तासभर बसले, बोर्डिंगातल्या भाकरी भाजायच्या पाळीची गोष्ट नातवाला सांगितली. आम्ही ती शंभरदा ऐकली आहे. परात नातवाने बोटाने पुसली.

दुसऱ्या दिवशी जेवण पुन्हा आतच मागितलं, दार लोटून. मी काही बोलले नाही. पण शनिवारी रात्री मी फडकं काढलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, दही जरा जास्त टांग. शेपू घालू नकोस.

शेपू मी घालतेच, थोडा कमी. शेजारचे दोघे येतात, ओसरीवर स्टूल ठेवते. रविवारची संध्याकाळ बाहेर, बाकीची जेवणं अजून आत.