लिटरमागे चाळीस

आमच्या घरात माणसे तीन आणि येझदी एक. बाबांच्या लेखी तीही चौथे माणूसच! गाडी १९८८ सालची. मैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण आमच्या अंगणात रोज सकाळी तिची फटफट चालूच राहिली. सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. आणि किक मारायची तीच दांडी पुढे गिअर बदलायला. अलंकारांच्या तासाला श्लेष शिकताना मला हमखास ती दांडी आठवते.

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र तिचे काहीतरी बिनसले. वाई सोडून पसरणी घाट चढू लागलो, की पहिल्या वळणालाच तिला धाप लागे. मूठ पिरगाळावी तसा आवाज घोगरा होई, वेग काही वाढत नसे. एका मेकॅनिकने नुसत्या आवाजावरून निदान केले, "इंजिन बसलंय. बोअर-पिस्टन करा, नाहीतर विका." खर्चाचा आकडा ऐकून बाबा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन किंमत सांगून गेला. बाबांनी त्या दिवशी चहा अर्धाच घेतला.

एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेजारचे तात्या मला म्हणाले, "पोरी, एका वेळी एकच गोष्ट तपास. दोन एकदम बदललीस, तर गुण कशानं आला ते कळायचं नाही." समीक्षेच्या पुस्तकांतही इतकी स्वच्छ पद्धत मला आढळली नव्हती!

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक फिरवले. ते मोकळे फिरले. म्हणजे ब्रेक घासत नव्हता. क्लच घसरत असता, तर इंजिन नुसतेच रोंरावले असते आणि गाडी मागे राहिली असती. इथे तर इंजिनच उठत नव्हते. एअर फिल्टर धुतला, जेट फुंकून साफ केला, पॉइंट घासून त्यांची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास आणली. फरक उन्नीस-बीसच. प्लग काढला, तर तो काळा आणि तेलाने ओलाचिंब. तात्यांचे डोळे चमकले. "आता दोन्ही सायलेन्सरमागे हात धर बघू." डावीकडे धुराचा जोरदार ठोका लागला, उजवीकडे आजाऱ्याचा श्वास.

उजवीकडची आतली नळी ओढून काढली. तिची भोके डांबरासारख्या काजळीने बुजून गेली होती. डावीचीही दशा फार निराळी नव्हती. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. जळलेला वायू बाहेर पडला, तरच ताजे मिश्रण आत शिरते. बाहेरची वाट अडली, की आत यायलाही जागा उरत नाही.

"पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता?" तात्यांनी विचारले.

बाबा जरा अवघडले. "लिटरमागे चाळीस मिली म्हणतात. मी सत्तर-ऐंशी घालतो. जुनी गाडी, घाटात पिस्टन धरलं तर?"

कोणी काही बोलले नाही. जिवापाड जपण्यानेच तिचा जीव गुदमरला होता! मला टेबलावरचा माझा अर्ज आठवला. पुण्याला एम.ए.ला जाण्यासाठी भरलेला तो अर्ज तीन आठवडे बाबांच्या सहीवाचून पडून होता. "एकटी कशी राहशील?" एवढाच त्यांचा प्रश्न. त्याला उत्तर नव्हते, कारण त्यात राग नव्हताच. होती ती काळजी.

नळ्या परसातल्या विस्तवात लालबुंद भाजल्या, तारेच्या ब्रशने खरवडल्या. धुराने वाळत घातलेली लुगडी काळवंडली म्हणून आजीने आम्हां तिघांचाही उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी टाकीत मोजून चाळीसचे मिश्रण घातले. बाबा म्हणाले, "तू चालव." घाटातली वळणे मागे पडत गेली. तिसऱ्या गिअरमध्येही ती अशी खेचत होती, की मागे बसलेल्या बाबांनी माझा खांदा घट्ट धरला. मग हळूहळू त्यांचा हात सैल झाला.

पाचगणीत चहा घेताना ते खालच्या कृष्णेच्या खोऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. कप पूर्ण रिकामा करून त्यांनी विचारले,

"पुण्याच्या वसतिगृहात जेवण कसं असतं गं?"