बांगड्या वर सारून

संध्याकाळची गाडी ऑस्ट्रेलियातल्या क्वेकर्स हिल स्टेशनात शिरायच्या सुमारास आमच्या रस्त्यावर बाबागाड्या निघतात. ढकलणारे बहुतेक आजी-आजोबा. व्हिजिटर व्हिसावर आलेले, मुलगी-जावई कामावरून परतेपर्यंत नातवंडं सांभाळणारे. मावशी त्यांतल्याच. तीन घरं सोडून राहणाऱ्या मित्राच्या सासूबाई. माझं त्यांच्याशी नातं काहीच नव्हतं, म्हणून मावशी.

२०१३ सालच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, मी कॅमेऱ्यानं झपाटलो होतो. कथा तयार होती. गावाहून आलेला बाप रोज मुलाच्या गाडीची वाट बघत स्टेशनबाहेर बसतो आणि मुलगा आला की त्याच्यामागून दहा पावलं अंतर ठेवून घरी चालत जातो. बारा मिनिटांचा मराठी लघुपट. कथेवर मी तीन रविवार घालवले होते आणि कॅमेऱ्यावर चार महिने. हौशी माणसाचं हे प्रमाण सगळीकडे असंच असावं.

हाताशी होता मावसभावानं न्यू जर्सीहून आणलेला एक कॅमेरा. गॅरेजमधल्या ट्यूबलाइटखाली चाचणी घेतली, तर चित्रावरून काळपट पट्टे वर सरकत होते. लेन्स गेली असं समजून मी हळहळत होतो. मावशी रिकामा डबा परत द्यायला आल्या होत्या. लॅपटॉपकडे एकदा पाहून म्हणाल्या, "साठवाला आहे का रे हा?"

मला अर्थबोध होईना. त्यांनी समजावलं. अमेरिकेची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, भारताची आणि ऑस्ट्रेलियाची ५० ची. इथली ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते-मंदावते. कॅमेरा तिकडच्या हिशेबानं ३० चित्रं घेतोय, शटर १/६० वर. दोघांचा ताल जुळत नाही. "शटर पन्नासवर आण." आणलं. पट्टे गेले. "आता नवा घेशील तो पंचवीस चित्रांचा घे. म्हणजे ही कटकट मुळातूनच गेली."

डबा तसाच हातात होता. मग कळलं की बाईंनी मुंबईतल्या एका संस्थेत सव्वीस वर्षं व्हिडिओ संकलन केलं होतं. यू-मॅटिकच्या पाऊण इंची टेपपासून बीटाकॅमपर्यंत. शेजारी त्यांना फक्त पुरणपोळ्यांसाठी ओळखत होते.

त्या दिवसापासून मी रोज नवं माहितीपत्रक घेऊन त्यांच्या दारात. त्या वर्षी निवड खरोखरच अवघड होती. २००८ च्या कॅनन फाइव्ह-डी मार्क टूनं फोटोच्या कॅमेऱ्यात सिनेमा आणला होता. २०१२ मध्ये मेलबर्नच्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं २,९९५ अमेरिकी डॉलरला रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेलं कच्चं चित्रण करणारा सिनेमा कॅमेरा जाहीर केला आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये ९९५ डॉलरचा, खिशात मावणारा धाकटा भाऊ. मला अर्थातच रॉ हवं होतं. रॉ म्हणजे काय हे नीट ठाऊक नसताना हवं होतं.

मावशींचा प्रश्न एकच असायचा : "दाखवणार कुठे आणि ठेवणार कुठे?"

दाखवायचं होतं इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमधल्या प्रोजेक्टरवर, नंतर इंटरनेटवर. ठेवायचं कुठे, हा विचारच केला नव्हता. त्यांनी नातीच्या रंगवहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडायला लावला. थोरल्या ब्लॅकमॅजिकचं रॉ : एका चित्राला साधारण पाच एमबी, सेकंदाला पंचवीस चित्रं, तासाला ४५० जीबी. धाकट्याचं प्रोरेस एचक्यू : तासाला ८३ जीबीच्या आसपास. फाइव्ह-डीचं एच.२६४ : तासाला वीस. सहा तासांचं चित्रण धरलं आणि त्यांच्या हट्टाप्रमाणे दोन प्रती, तर रॉला पाच हजार चारशे जीबी लागत होते. माझ्या लॅपटॉपची एकूण कुवत पाचशे.

"मग वीसवालाच घेतो की," मी चिडून म्हणालो.

त्यावर चाळीचा दृष्टान्त आला. कॅमेरा उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा वेगळा लिहितो, पण रंगात काटकसर करतो. फाइव्ह-डीचं ४:२:० म्हणजे चार खोल्यांत एक नळ. प्रोरेसचं ४:२:२ म्हणजे दोन खोल्यांत एक. "नुसतं राहायचं असेल तर चारांत एक चालतो. रंगावर नंतर काम करायचं असेल, सावळा चेहरा भर उन्हातून वर काढायचा असेल, तर पाणी कमी पडतं." शिवाय फाइव्ह-डी आठ बिटांचा, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, प्रोरेसच्या दहा बिटांत १,०२४. आणि एच.२६४ वाण्याच्या वहीसारखं : एक पान पूर्ण लिहायचं, पुढे नुसतं 'वरीलप्रमाणे, फक्त साखर अर्धा किलो जास्त'. वही लहान राहते, पण मधलंच पान उघडलं की मागची चाळावी लागतात. संकलनात लॅपटॉप धापा टाकतो तो त्यामुळे. प्रोरेसमध्ये प्रत्येक पान स्वतःपुरतं पूर्ण. जागा खातं, पण कात्री लावायला सोपं.

तांत्रिक पुस्तकं मी नंतर बरीच वाचली. नळाइतकं स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या मराठी सिनेमाची गोष्टही कॅमेऱ्यापासूनच सुरू होते. फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा स्वतःच घडवला. पण फाळक्यांची कच्ची फिल्म बिनभोकाची यायची आणि अंधारात बसून तिच्या कडांना भोकं पाडायच्या त्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. ती भोकं पडली नसती तर विल्यमसन जागचा हलला नसता. मावशींना मी हे ऐकवलं, तर म्हणाल्या, "बघ, कुणाला तरी अंधारात बसावं लागतंच." आणि कूकर बघायला आत गेल्या.

शेवटी धाकटा ब्लॅकमॅजिक घेतला. रॉ नाही, प्रोरेस. वाचलेल्या पैशांत दोन हार्ड डिस्क, एक माइक आणि आवाजाचा वेगळा रेकॉर्डर. माइकवरून भांडण झालं, कारण मला लेन्स हवी होती. पण संध्याकाळी झाडांवर लोरिकीट पोपटांचा जो कल्ला होतो आणि रिचमंडच्या हवाई तळावरची हर्क्युलस विमानं अधूनमधून डोक्यावरून घरघरत जातात, त्यात बापाचा एकच संवाद ऐकू येणं हे लेन्सचं काम नव्हतं.

जानेवारी २०१४, चाळीस अंशांचं ऊन. कॅमेऱ्याची बॅटरी तासभरही टिकत नसे. कार्डावर किती वेळ उरला हे तो तेव्हा दाखवतच नसे. ती सोय नंतरच्या अपडेटमध्ये आली. ६४ जीबीच्या कार्डावर सुमारे ४६ मिनिटं मावत. मावशी मनगटी घड्याळ लावून वहीत मिनिटं मांडत आणि चाळीस झाली की हात वर करत. रस्त्यावरून टिपलेली आडवी धावणारी गाडी तिरकी दिसू लागली, कारण सेन्सर चित्र एकदम नव्हे तर ओळीओळीनं वाचतो. त्यांनी मला वळणाशी उभं केलं. गाडी समोरून येऊ दे, आडवी जाऊ देऊ नकोस. माझ्या बारा मिनिटांतला लोकांना आवडलेला एकमेव शॉट तो.

आवाज वेगळा घेत असल्यानं प्रत्येक शॉटआधी टाळी हवी. क्लॅपरबोर्ड घेतला नव्हता. मावशी कॅमेऱ्यासमोर येत, शॉटचा नंबर सांगत, बांगड्या कोपरापर्यंत वर सारत आणि एकच टाळी वाजवत. बांगड्या किणकिणल्या तर आवाजाचं टोक बोथट होतं, कोणत्या चित्रावर जुळवायचं ते कळत नाही, म्हणून.

दोन प्रतींचा हट्ट कशापायी, हे मी शेवटच्या दिवशी विचारलं. त्या काळी टेप महाग होती. जुन्यावरच नवं चढवायचे. एका नाटकाचं रेकॉर्डिंग वरून सांगितलं म्हणून त्यांनी स्वतः पुसलं होतं. "बटण मीच दाबलं. त्यातले दोघं नट नंतर गेले. दुसरं काही नव्हतं त्यांचं." एवढंच बोलून त्या नातीचे बूट शोधू लागल्या.

मार्चमध्ये व्हिसा संपला आणि त्या डोंबिवलीला परतल्या. हॉलमध्ये लघुपट दाखवला तेव्हा नामावलीत नाव घालू दिलं नव्हतं. मुलाखत रेकॉर्ड करू का, तर "छे, माझं काय!" २०१९ मध्ये त्या गेल्या. मित्रानं फोनवर सांगितलं तेव्हा मी ब्लॅकटाउनला गाडी बदलत होतो.

दर तीन-चार वर्षांनी मी ते सगळं चित्रण नव्या डिस्कवर उतरवतो, दोन प्रतींत. पाहुण्यांना दाखवतो ती बारा मिनिटं. त्यांत मावशी कुठेच नाहीत. उरलेल्या साडेपाच तासांत मात्र प्रत्येक शॉटच्या तोंडाशी दोन-तीन सेकंद त्या आहेत. एकदा, बहुधा उन्हानं, बांगड्या वर सारायला विसरल्या. टाळीमागून किणकिण लांबत गेली आहे आणि त्या जीभ चावून कॅमेऱ्याकडे बघतायत. आवाज तिथे आजही नीट जुळलेला नाही.