मागे उडी घेताना

मुलाने मागे उडी घ्यायची म्हटली की पालकांच्या पोटात गोळा येतो. पुढची उडी त्यांना सुरक्षित वाटते, कारण त्यात मूल जातंय तिकडेच बघतंय असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. हवेतल्या पुढच्या कोलांटीत, म्हणजे फ्रंट साल्टोत, शेवटच्या क्षणी जमीन नजरेआड असते. पावलं अंदाजानेच टेकवावी लागतात. मागच्या साल्टोत अर्ध्याहून थोडं अधिक फिरलं की जमीन डोळ्यांसमोर येते आणि बघून उतरता येतं. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरने १४ ऑगस्ट २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टवर केलेला प्रोदुनोवा इतका अवघड, त्याचं एक कारण हेच. हात टेकून उसळायचं, पुढे दोन कोलांट्या घ्यायच्या आणि जमीन न दिसता उतरायचं. १५.०६६ गुणांवर ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५०ने हुकलं. त्या रात्रीनंतर आमच्या अंधेरीच्या वर्गात चौकशीला येणारे पालक मला प्रोदुनोवाबद्दल विचारत, आणि मी त्यांना फ्लिकबद्दल सांगत असे.

फ्लिकमध्ये, म्हणजे बॅक हँडस्प्रिंगमध्ये, भीती असते ती फक्त सुरुवातीला. पाय सुटल्यापासून हात टेकेपर्यंतचा तो एवढासा वेळ. मुलाला तो नकोसा असतो, म्हणून जमीन लवकर दिसावी यासाठी ते मान मागे टाकतं. मान गेली की कमरेत नको तेवढी कमान पडते, उडी आखूड होते, हात पायांच्या जवळ टेकतात आणि सगळं वजन कोपरांवर येतं. मग बाजूने ओरडा सुरू होतो, "मान टाकू नकोस!" या सूचनेचा उपयोग होताना मला फारसा दिसलेला नाही. मान हा परिणाम असतो, कारण त्याच्या आधी घडून गेलेलं असतं.

मुलुंडहून येणाऱ्या एका मुलीचंच बघा. उभ्याने तिची फ्लिक स्वच्छ होती, आधी राऊंड-ऑफ, म्हणजे हात टेकून वळून दोन्ही पायांवर उतरणं, जोडला की मान जायची. मी तिच्या मानेकडे बघणं सोडलं आणि पावलांकडे बघू लागलो. राऊंड-ऑफमधून पावलं टेकतात तेव्हा शरीर जायच्या दिशेला आधीच कललेलं हवं, कंबर टाचांच्या मागे निघालेली हवी. तिची हर्डल, म्हणजे राऊंड-ऑफच्या आधीची झेप, आखूड होती, त्यामुळे हात पुढच्या पावलाला लागून पडत, जोर मरायचा आणि ती सरळ उभी राहायची. थांबलेल्या शरीराला मागे न्यायला मानेशिवाय तिच्याकडे होतंच काय?

म्हणून फ्लिक काढून टाकली. लांब हर्डल, लांबवर हात, दुसऱ्या हाताची बोटं आत वळलेली, पाय उभ्या रेषेत येण्याआधीच खांद्यांनी जमीन ढकललेली. पावलं टेकली की कान दंडांत ठेवून उंच जाड मॅटवर काठीसारखं पाठीवर पडायचं. "सर, फ्लिक कधी?" ती रोज विचारायची. मान आपोआप जागेवर राहिली तेव्हा फ्लिक परत आली.

आधार द्यायचा तो एक तळवा कमरेला आणि एक मांडीच्या मागे ठेवून. पण फार दिवस आधार दिला तर मूल जमिनीवर नाही, माझ्या हातावर उडी मारायला शिकतं. उतरत्या मॅटवर लवकर एकटं सोडलेलं मला बरं वाटतं. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या ठिकाणी मल्लखांब करून आलेल्या मुलांना उलटं होण्याची भीती नसते, हे मोठंच भांडवल. त्यांची अडचण वेगळी. त्यांच्या हातांना पकडायची सवय असते, आणि इथे टेकताक्षणी जमीन सोडून द्यायची असते. त्यांच्याकडून मी हँडस्टँडमध्ये खांद्यांनी उसळ्या मारून घेतो, कोपरं न वाकवता.

पावसाळ्यात या उसळ्याच जास्त चालतात. जुलैत मॅट दमट असतात, तळवे घसरतात आणि लोकल रखडली की बोरिवलीची मुलं धापा टाकत येतात. मनगटं आणि खांदे गरम झाल्याशिवाय मी कुणालाही मागे जाऊ देत नाही, मग बॅच संपायला दहा मिनिटं का उरलेली असेनात.

त्या मुलीचा आता राऊंड-ऑफ आणि फ्लिक असा जोड बसलाय. पुढे साल्टो आहे आणि तिथे पावलांचं काम बदलतं. फ्लिकसाठी वजन पावलांना ओलांडून निघालेलं हवं. साल्टोसाठी पावलांनी वजनाच्या पुढे जाऊन टेकायचं आणि क्षणभर त्याला अडवायचं, म्हणजे मागे जाणारा वेग वर वळतो. एकाच मुलीला एकाच रांगेत या दोन गोष्टी शिकवायच्या म्हणजे घाई करून भागत नाही. तिची आई स्पर्धेचं विचारतेय. या वर्षी मी मुलीला फ्लिकपर्यंतच उतरवणार आहे. साल्टोची सुरुवात दिवाळीनंतर, उंच मॅटवर.