यांचा पाय मोडला तेव्हा

हे फौजेत हवालदार आहेत. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या गावी. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आमच्या घरातलं कॅलेंडर यांच्या रजेवरच चालतं.

जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची कॅज्युअल. ऐकणाऱ्या बायका म्हणतात, "अगं, तीन महिने नवरा घरी!" पण ती सलग थोडीच मिळते? सगळेच एकदम निघाले तर पहारा कोण देणार? पाळीपाळीनं नंबर लागतो. पेरणीला यायचं की दिवाळीला, यावरून दरवर्षी फोनवर आमचं वाजतं. वर्ष संपलं की उरलेली कॅज्युअल बुडते. शिवाय गरज पडली तर अर्ध्या रजेतून परत बोलावतात. 1999 मध्ये कारगिलच्या वेळी रजेवरचे जवान असेच निघाले होते. मी तेव्हा शाळेत होते. एसटी स्टँडवर ट्रंका घेऊन उभी असलेली माणसं अजून डोळ्यांपुढे आहेत.

आजारपणाची रजा मात्र वेगळीच. ऑफिससारखं "आज बरं नाही, येत नाही" असा मेसेज टाकून भागत नाही. आधी एमआय रूममध्ये जायचं. डॉक्टरांनी 'अटेंड सी' लिहिलं तर खोलीत पडून विश्रांती. दुखणं मोठं असलं तर मिलिटरी हॉस्पिटल, आणि तिथल्या डॉक्टरांनी शिफारस केली तरच सिक लीव्ह. रजा संपल्यावर पुन्हा तपासणी. रजेवर घरी असताना आजारी पडलं, तरी युनिटला कळवावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी व्हॉलीबॉल खेळताना यांचा घोटा मोडला. फोन आला तेव्हा सासूबाई देवापुढे बसून रडायला लागल्या. हे म्हणाले, "प्लास्टर घातलंय. चार आठवडे सिक लीव्ह मिळतेय."

चार आठवडे! माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? बरं झालं. लेकीचं गॅदरिंग त्याच महिन्यात होतं. ती पाचवीत, आणि बाबांनी तिचं एकही गॅदरिंग पाहिलेलं नव्हतं. पुढच्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली. नवऱ्याचं हाड मोडलंय आणि ही बाई दिवस मोजतेय.

हे आले. कुबड्या घेऊन पहिल्या रांगेत बसले, लेकीचा नाच पाहिला. घरी मात्र खाटेवर बसून सगळ्यांना हुकूम सोडायचे. आठवड्यात मी कंटाळले, तेही खरं.

परत तपासणीला जायच्या आदल्या रात्री बॅग भरताना मी कबूल करून टाकलं. "तुमचा पाय मोडल्याचं कळलं, तेव्हा मला आनंद झाला होता."

हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डॉक्टरांनी चार आठवडे लिहिले, तेव्हा मलाही झाला होता."

आणि बुटात पाय नीट जातोय का, ते बघायला लागले.